ग्राफिस स्क्रिप्टा

ग्राफिस स्क्रिप्टा : ग्राफिडेसी कुलातील, झाडांच्या सालीवर वाढणारे लायकेन, म्हणजे कवक (बुरशी) व शैवल यांचे एकत्र जगणारे रूप. फिकट राखाडी डागावर कोणी काळ्या शाईने घाईघाईत काहीतरी खरडले असावे असे ते दिसते, म्हणून त्याला व त्याच्या जवळच्या जातींना लिपी-लायकेन म्हणतात. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने १७५३ मध्ये ‘लायकेन स्क्रिप्टस’ या नावाने त्याचे वर्णन केले. लायकेनतज्ज्ञ आकारियसने १८०९ मध्ये त्याला ग्राफिस प्रजातीत घातले. समशीतोष्ण प्रदेशांतील दमट, सावलीच्या जंगलांत हेझल, ॲश, बीच, हॉर्नबीम अशा गुळगुळीत सालीच्या झाडांवर ते आढळते.

कायक, म्हणजे लायकेनचे शरीर, पातळ असतो आणि सालीला चिकटून, कधी सालीतच बुडून राहतो. सोलून निघत नाही. त्यातील कवकाचा सोबती म्हणजे ट्रेंटेपोलिया. हे हिरव्या शैवलांपैकी असले तरी कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यांमुळे नारिंगी दिसते. ताजा, ओलसर कायक नखाने खरवडला तर पिवळट-नारिंगी झाक दिसते. खूण चांगली, पण इतर अनेक सालनिवासी लायकेनांतही हेच शैवल असते.

खरी ओळख रेघांत आहे. प्रत्येक रेघ हा कवकाचा लांबट फलकाय (बीजाणू तयार करणारा भाग) असतो: काही मिलिमीटर लांब, सरळ, नागमोडी किंवा फाटे फुटलेला. भिंगातून दोन काळे ओठ व मधली फट दिसते. फटीतल्या चकतीवर (बीजाणू धरणाऱ्या पृष्ठावर) पुष्कळदा पांढुरकी भुकटी असते. ओठ सलग असतात. ग्राफिसच्या अनेक उष्णकटिबंधीय जातींप्रमाणे त्यांवर लांबीच्या दिशेने खाचा नसतात. आडव्या छेदात काळा थर बाजूंना असतो, तळाशी नसतो.

ओपेग्राफा प्रजातीच्या रेघा वरवर पाहता अशाच दिसतात. तिथे सूक्ष्मदर्शक लागतोच. ग्राफिस स्क्रिप्टाचे बीजाणू रंगहीन, आडव्या पडद्यांनी विभागलेले असून आतले खाने भिंगाच्या आकाराचे असतात. आयोडीनच्या थेंबाने बीजाणू निळे-जांभळे होतात. ओपेग्राफात असे खाने नसतात. फीओग्राफिस या आणखी एका प्रजातीचे बीजाणू तपकिरी असतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइडने कायकाचा रंग बदलत नाही, कारण त्यात लायकेन-आम्ले (लायकेनांत तयार होणारी खास रसायने) नसतात.

एवढे जुळूनही जात नक्की ठरतेच असे नाही. २०११ मध्ये युरोपातील नमुन्यांच्या बाह्यरचनेवरून या एका नावाखालच्या लायकेनांची स्क्रिप्टा, बेटुलिना, मॅक्रोकार्पा व पल्व्हेरुलेंटा अशी विभागणी सुचवली गेली. पुढे डीएनए तपासल्यावर वंशशाखा या चौकटीत नीट बसल्या नाहीत. त्यामुळे नुसत्या छायाचित्रावर ठाम नाव लिहिण्यापेक्षा ‘ग्राफिस स्क्रिप्टा समूह’ अशी नोंद करणे अधिक प्रामाणिक ठरते.