नायट्रोजन नेमका कुठे बसला?

उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. पण जमिनीवर पोहोचणाऱ्या त्या उन्हाच्या ऊर्जेत अतिनील किरणांचा वाटा जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास असतो, आणि टँटलम या धातूच्या ऑक्साइडची पांढरी भुकटी तेवढेच किरण शोषू शकते. तिच्यातल्या काही ऑक्सिजनच्या जागी नायट्रोजन बसवला की ती पिवळी होते, सगळाच ऑक्सिजन काढला की तांबडी. यातले पिवळे संयुग म्हणजे टँटलम ऑक्सिनायट्राइड. नायट्रोजन आपले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनइतके घट्ट धरून ठेवत नाही, त्यामुळे ते उचलायला लागणारी ऊर्जा सुमारे ३.९ इलेक्ट्रॉन व्होल्टवरून २.५ वर उतरते आणि ५०० नॅनोमीटरपर्यंतचा निळा प्रकाशही कामी येतो.

तयार करण्याची रीत ऐकायला सोपी आहे. नळीच्या भट्टीत, चिनीमातीच्या छोट्या होडीत भुकटी ठेवायची आणि ८५० अंश सेल्सिअसच्या आसपास तिच्यावरून कित्येक तास अमोनिया वाहू द्यायचा. अमोनियातला हायड्रोजन भुकटीतला ऑक्सिजन पाण्याच्या वाफेच्या रूपाने बाहेर नेतो आणि नायट्रोजन मागे राहतो. खरे कौशल्य थांबण्यात आहे, कारण कोरडा अमोनिया दिला तर क्रिया मधल्या टप्प्यावर न थांबता थेट तांबड्या नायट्राइडपर्यंत जाते. म्हणून अमोनियात मुद्दाम थोडी वाफ मिसळतात. वाफ हे क्रियेचेच उत्पादन असल्याने तिच्या उपस्थितीत क्रिया मागे रेटली जाते.

मग स्फटिकात कोण कुठे बसले, हे कसे कळणार? क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात, आणि ऑक्साइड व नायट्राइड या दोन्ही आयनांत प्रत्येकी १०च इलेक्ट्रॉन असतात, त्यामुळे महाविद्यालयांतील नेहमीच्या क्ष-किरण यंत्राला दोघे जवळपास सारखेच दिसतात. न्यूट्रॉन मात्र अणुकेंद्रावरून विखुरतात. नायट्रोजनची विखुरण्याची लांबी, म्हणजे अणुकेंद्र न्यूट्रॉनला किती जोराने विखुरते याचे माप, ९.३६ फेम्टोमीटर, ऑक्सिजनची ५.८०, हा फरक लपत नाही. आपल्याकडे तुर्भे येथील ध्रुव अणुभट्टीवर न्यूट्रॉन विवर्तनाची, म्हणजे न्यूट्रॉन विखुरून स्फटिकाची रचना शोधण्याची, सोय आहे. टँटलम ऑक्सिनायट्राइडची रचना बॅडेलेआइट या झिर्कोनियमच्या खनिजासारखी असून प्रत्येक टँटलमभोवती ७ शेजारी असतात, ३ ऑक्सिजन आणि ४ नायट्रोजन. ही मांडणी वाटेल तशी नाही: जास्त ऋणभार असलेला नायट्रोजन ४ टँटलमना जोडलेल्या जागा घेतो, ऑक्सिजन ३ टँटलमना जोडलेल्या. जास्त ऋणभाराचा आयन जास्त धनभारी शेजारी जोडतो, या रसायनशास्त्रज्ञ पॉलिंग यांच्या नियमावरून हेच अपेक्षित होते.

२००० साली जर्मनीत रसायनशास्त्रज्ञ मार्टिन यान्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्याने कॅल्शियम व लँथॅनमचे प्रमाण बदलत याच ऑक्सिनायट्राइड कुळातल्या पेरोव्स्काइट (एक विशिष्ट स्फटिकरचना असलेल्या) संयुगांतून पिवळ्यापासून तांबड्यापर्यंतच्या, विषारी कॅडमियमविरहित छटा मिळवल्या. चादरीचे सूत रंगवायला त्या कामाच्या नाहीत. ही पाण्यात न विरघळणारी रंगद्रव्ये प्लास्टिक व लेपांसाठी आहेत.

मला मात्र उन्हात पाण्याचे विघटन करून हायड्रोजन मिळवण्याचा उपयोग अधिक मोलाचा वाटतो. अडचण अशी की प्रकाशाने इलेक्ट्रॉन उचलला की मागे उरणारा धनभार पाण्याऐवजी पृष्ठभागावरच्या नायट्रोजनवरच तुटून पडतो आणि तो नायट्रोजन वायू होऊन निघून जातो. इरिडियम किंवा कोबाल्टच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण पृष्ठभागावर बसवले, की ते हा धनभार उचलून पाण्याकडे पोहोचवतात आणि ही झीज बरीच कमी होते.