जागा क्रमांक ३१५

ऑक्टोबर २०२३मध्ये नेक्सकार१९ या भारतीय कार-टी उपचाराला (रुग्णाच्याच रोगप्रतिकारक टी-पेशी बदलून परत देण्याला) परवानगी मिळाली. तेव्हापासून गोव्यात कुणाचाही रक्ताचा कॅन्सर उलटला, की बांबोळीच्या सरकारी इस्पितळातले डॉक्टर काय सांगतात ते ऐकण्याआधीच नातेवाईक विचारतात, 'ती मुंबईची आयआयटीवाली थेरपी?' ती बी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींच्या काही कॅन्सरांसाठी आहे. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल हा वेगळा रक्ताचा कॅन्सर उलटला, तर उत्तर बहुधा गोळीतच असते.

सीएमएलमध्ये ९ आणि २२ या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी जातात आणि बीसीआर-एबीएल हे प्रथिन तयार होते. ते पेशीला वाढतच ठेवते. त्यासाठी लागणारा एटीपी हा ऊर्जा देणारा रेणू प्रथिनाच्या ज्या खोबणीत बसतो, तिथे इमॅटिनिब ही गोळी (२००१) जाऊन बसते आणि प्रथिन बंद पडते.

मग आजार उलटतो कसा? 'शरीराला गोळीची सवय झाली' असे लोक म्हणतात. तसे नसते. कधी गोळ्याच चुकलेल्या असतात; डॉक्टर आधी तेच विचारतात. कधी मात्र जनुकात बदल झालेल्या मूठभर पेशी औषधातून वाचतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. सगळ्यांत चिवट बदल टी३१५आय. प्रथिनाच्या साखळीत ३१५व्या जागी थ्रिओनिन हे अमिनो आम्ल असते, त्याच्याशी इमॅटिनिब हायड्रोजन बंधाने जोडलेले असते. तिथे आयसोल्युसिन आले की बंध जातो, शिवाय त्याची जाड बाजूसाखळी वाट अडवते. एटीपीला त्या बंधाची गरजच नाही, त्याचे काम बिनधोक चालते! डॅसाटिनिब, निलोटिनिब ही नंतरची औषधेही इथे हरतात.

पोनाटिनिब या औषधाच्या रेणूत मधोमध कार्बन-कार्बन तिहेरी बंध आहे, सरळ, सडपातळ. तो आयसोल्युसिनला खेटून आत शिरतो. ॲसिमिनिब हे औषध तर खोबणीकडे जातच नाही. मूळ एबीएल प्रथिनाची मिरिस्टेट या स्निग्धाम्लाची शेपटी दूरच्या एका खळग्यात वळून बसते आणि त्याला आवरून धरते. बीसीआर-एबीएल या जोड-प्रथिनात ती शेपटी तुटलेली असते. ॲसिमिनिब तो रिकामा खळगा भरते आणि प्रथिन पुन्हा आवरले जाते. मला तरी यापेक्षा देखणे औषध ठाऊक नाही.

व्हॉट्सॲपवर लक्ष्मणफळाने कॅन्सर बरा होतो म्हणून फिरते. माणसांवरच्या चाचण्यांत ते सिद्ध झालेले नाही. उलट ग्रेपफ्रूटचा रस आतड्यातले एन्झाइम अडवून यांतल्या काही गोळ्यांची रक्तातली पातळी वाढवतो, तेव्हा 'नैसर्गिक' म्हणून काहीही घेऊ नये.

पोनाटिनिबने रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊ शकतात, म्हणून ४५ मिलिग्रॅमपासून सुरू करून बीसीआर-एबीएल १ टक्क्यापर्यंत उतरले की १५वर आणतात. कोणती गोळी, हे जनुकबदलाची तपासणी झाल्यावरच ठरते.