अप्रेंटिस की इंटर्न? सही करण्याआधी एवढं बघा

बी.कॉम.चा निकाल लागला की घरात दोन सल्ले एकदम येतात. बाबा म्हणतात, ‘कुठे अप्रेंटिस म्हणून लागतंय का बघ.’ वर्गातली मैत्रीण सांगते, तिला अंधेरीत इंटर्नशिप मिळाली. स्टायपेंड दोन्हीकडे, पुढे नोकरी लागेल ही आशाही दोन्हीकडे. त्यामुळे बरीच मुलं दोन्हींना एकाच मापाने मोजतात आणि फसतात.

अप्रेंटिसशिपच्या, म्हणजे शिकाऊ उमेदवारीच्या, मागे १९६१चा कायदा उभा आहे. तुमचा आणि कंपनीचा करार होतो, तो सरकारी पोर्टलवर नोंदवला जातो आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं. २०१९च्या नियमांनी पदवीधराचा किमान स्टायपेंड महिना ९,००० रुपये ठरवला. बँका याहून जास्त देतात. स्टेट बँकेने २०२३च्या भरतीत १५,००० जाहीर केले होते, आणि त्यासाठी कुठल्याही शाखेची पदवी चालत होती. हे मुद्दाम सांगतोय, कारण ‘अप्रेंटिस म्हणजे आयटीआयवाले नाहीतर इंजिनिअर’ ही समजूत अजून गेलेली नाही. २०१४च्या दुरुस्तीनंतर बी.ए., बी.कॉम.वाल्यांनाही हे दार उघडं झालं. कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारीही कायद्याने कंपनीवर टाकली आहे.

एक व्यवहाराची गोष्ट. पदवीधरांसाठीच्या केंद्राच्या ‘नॅट्स’ या अप्रेंटिस योजनेतून घेतलं असेल तर किमान स्टायपेंडचा अर्धा भाग सरकार उचलतं, म्हणजे ९,००० धरले तर ४,५००. हा वाटा कंपनीच्या पैशांपासून वेगळा येऊ शकतो. खात्यात निम्मेच पैसे दिसले तर घाबरून जाऊ नका. आधी आधार बँक खात्याला नीट जोडलंय ना ते तपासा, मग एचआरला विचारा.

इंटर्नशिपला असा स्वतंत्र कायदा नाही. ऑफर लेटरमध्ये लिहिलेलं असतं तेवढंच तुमचं. दोन महिने की सहा, पैसे की नुसतं सर्टिफिकेट, सगळं कंपनीच्या मर्जीवर. ‘स्टायपेंड परफॉर्मन्सवर अवलंबून’ हे वाक्य दिसलं की परफॉर्मन्स कोण मोजणार आणि आकडा किती, हे मेलवर लेखी मागा. विरार–अंधेरीचा पास आणि दुपारचा डबा स्वतःच्या खिशातून काढायचा असेल तर हा प्रश्न विचारायला लाजायचं कारण नाही. इंटर्नशिपसाठी उलट तुमच्याकडूनच फी मागत असतील तर उठा आणि घरी या.

तरीही जाहिरात, डिझाइन, पत्रकारिता, स्टार्टअप या क्षेत्रांत इंटर्नशिपच कामाची ठरते. तिथे तुम्ही काय करून दाखवलं हे बघतात, सरकारी शिक्का कोणी विचारत नाही. आणि नाही पटलं तर महिन्याभरात दुसरीकडे जाता येतं.

अप्रेंटिसशिपचं मात्र तसं नाही, आणि खरी ठेच इथेच लागते. बँका आणि सरकारी कंपन्यांच्या जाहिरातींत बहुतेक वेळा अट असते: आधी अप्रेंटिसशिप केलेली नसावी, आणि वर्षभर किंवा जास्त कामाचा अनुभव नसावा. म्हणजे ही संधी एकदाच वापरायची. कुठल्या तरी छोट्या ऑफिसात फायली लावायच्या कामावर ती खर्च केलीत की माझगाव डॉक किंवा बँकेची जाहिरात आली तरी अर्ज बाद. उलट, आधी दोन-तीन महिन्यांची इंटर्नशिप करून मग अप्रेंटिसला अर्ज केला तर सहसा अडत नाही. पास होऊन फार वर्षं मात्र जाऊ देऊ नका, त्याचीही मर्यादा असते.

नोकरीची हमी दोन्हीकडे नाही. कायदासुद्धा अप्रेंटिसला कामगार मानत नाही, प्रशिक्षणार्थी मानतो. करार संपला की ठेवून घेणं कंपनीवर बंधनकारक नाही.

कंपनी तोंडाने ‘अप्रेंटिस’ म्हणतेय पण कराराचा नोंदणी क्रमांक देत नसेल, तर ती इंटर्नशिपच समजा. शंका असेल तर पश्चिम विभागाचं शिकाऊ उमेदवारी मंडळ मुंबईतच आहे, शीवला. पदवीच्या कागदपत्रांची झेरॉक्स आणि कंपनीचं पत्र घेऊन जा.