वेल्फ घराणं: वंशावळ आणि सोयरिकी

वेल्फ हे मध्ययुगीन जर्मनीतलं ड्यूक घराणं, बव्हेरिया आणि सॅक्सनी या दोन बड्या डची (ड्यूकच्या अमलाखालचे प्रांत) यांच्याकडे होत्या. यांची वंशावळ बघायची तर बाप-मुलगा-नातू ही रांग सोडा आणि लग्नं बघा, कारण मोठमोठ्या इस्टेटी आल्या त्या लेकी-सुनांमुळे.

खरं तर पुरुषांकडून हे घराणं 1055 लाच संपलं. वेल्फ तिसरा निपुत्रिक वारला, जाताना सगळी मालमत्ता मठाला देऊन गेला, पण त्याची आई इमिझा हिने ते चालू दिलं नाही आणि इटलीत एस्टे घराण्यात दिलेल्या लेकीच्या पोराला बोलावून घेतलं. म्हणजे पुढचे सगळे वेल्फ बापाकडून एस्टेवाले, नाव आजोळचं. हा वेल्फ चौथा भलताच हिशेबी. बायको एथेलिंडा बव्हेरियाच्या ड्यूकची मुलगी, 1070 ला सासऱ्यावर राजाची खप्पामर्जी झाली तसं याने बायकोला सोडलं आणि सासऱ्याची डची स्वतःच मिळवली!

त्याचा थोरला मुलगा वेल्फ पाचवा, याचं 1089 ला टस्कनीच्या माटिल्डाशी लग्न लावलं, नवरा सतराच्या आसपासचा, नवरी चाळिशी ओलांडलेली. 1095 ला वेगळे झाले, हाती काही लागलं नाही. धाकट्या हेन्री द ब्लॅकने मात्र सॅक्सनीच्या बिलुंग घराण्यातली वुल्फहिल्ड केली, तिच्या बापाला मुलगा नव्हता म्हणून 1106 नंतर त्यांच्या जमिनीचा मोठा वाटा इकडे आला. तिची बहीण आयलिका, तिचा मुलगा आल्बर्ट द बेअर, त्यामुळे मावसभावांमध्ये सॅक्सनीवरून भांडण पेटलं. पुढे हेन्री द ब्लॅकचा मुलगा हेन्री द प्राउड याने 1127 ला राजा लोथारची (हा मूळचा सॅक्सनीचा ड्यूक) एकुलती एक मुलगी गर्ट्रूड केली आणि सॅक्सनीवर हक्क सांगितला. त्याचीच बहीण ज्युडिथ श्वाबियाच्या श्टाउफर घराण्यातल्या ड्यूकला दिलेली, तिचा मुलगा सम्राट बार्बारोसा, म्हणजे हेन्री द प्राउडचा मुलगा हेन्री द लायन याचा सख्खा आतेभाऊ.

या हेन्री द लायनची पहिली बायको झेरिंगन घराण्यातली क्लेमेन्शिया. 1162 ला काडीमोड, कारण दिलं जवळच्या नात्याचं. तेव्हा चर्चचा नात्यातल्या लग्नाच्या बंदीचा नियम सात पिढ्यांपर्यंतचा होता (1215 ला चारवर आणला), बडी घराणी सगळीच एकमेकांची नातलग, त्यामुळे लग्न मोडायचं झालं की नातं सापडायचंच. 1168 ला त्याने इंग्लंडच्या राजाची मुलगी माटिल्डा केली, वय साधारण बारा. त्याने करवून घेतलेल्या बायबलच्या हस्तलिखितात दोघांच्या मागे पूर्वज काढलेत, त्यात याच्याकडून आईबापांसोबत आईकडचे आजी-आजोबा, सम्राट लोथार आणि रिखेन्झा. मोठेपणा मिरवायचा तर आजोळच दाखवायचं.

1180 ला बार्बारोसाने दोन्ही डची काढून घेतल्या, बव्हेरिया व्हिटल्सबाख घराण्याला दिलं. मग हेन्रीच्या थोरल्या मुलाने बार्बारोसाच्या सावत्र भावाची मुलगी आग्नेस हिच्याशी गुपचूप लग्न केलं, मुलीच्या आईच्याच मदतीने, आणि सासऱ्याकडचं ऱ्हाइनचं पॅलॅटिनेट (ऱ्हाइनकाठचं संस्थान) मिळवलं. त्यांचा एकुलता मुलगा 1214 ला वारला, मुलगी व्हिटल्सबाखांकडेच दिली गेली आणि पॅलॅटिनेटही त्यांच्याकडेच गेलं.