सायलेन्सर बदलला, पण इंजिनला कळवलं का?

बाइकला नवा सायलेन्सर लावला की पहिली दहा मिनिटं प्रत्येकालाच वाटतं गाडी जास्त पळतेय. मलाही वाटलं होतं. आवाज दणदणीत झाला की मेंदू परस्पर ठरवून टाकतो की पॉवर वाढली, आणि मग आठवडाभरात कळायला लागतं की अर्ध्या थ्रॉटलला (अर्धा ॲक्सिलरेटर पिळल्यावर) गाडी दचकतेय, थ्रॉटल सोडला की मागून फटाके फुटतायत आणि आयडलिंग कधी वर तर कधी खाली.

इंजिन म्हणजे खरं तर हवेचा पंप. १५० सीसीचा सिलेंडर एका दमात पूर्ण भरला तर आत येते साधारण १८० मिलिग्रॅम हवा, कारण एक लिटर हवेचं वजन असतं १.२ ग्रॅमच्या आसपास. एवढ्या हवेतला सगळा ऑक्सिजन वापरायला पेट्रोल लागतं जेमतेम १२ मिलिग्रॅम. हे झालं पुस्तकातलं १४.७ ला १ हे प्रमाण, वजनाचं बरं का, लिटरचं नाही. आणि ८००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ८००० फेऱ्यांना, हे मोजमाप सेकंदाला ६७ वेळा करायचं असतं, कारण सिलेंडर दोन फेऱ्यांत एकदा भरतो.

पण पूर्ण थ्रॉटलला इंजिन १४.७ वर चालवत नाहीत, तिथे १२.५ ते १३ च्या आसपास ठेवतात, म्हणजे पेट्रोल थोडं जास्तच. कारण हवा आणि पेट्रोल आत कधीच शंभर टक्के मिसळत नाहीत, ऑक्सिजनचा कण न् कण वापरायचा तर पेट्रोल थोडं उधळावंच लागतं, शिवाय ते जास्तीचं पेट्रोल वाफ होताना आतली उष्णता शोषून घेतं. मोकळा फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर लावल्यावर हवा वाढते, पेट्रोल तेवढंच राहतं आणि ही उशी हळूच निघून जाते. यालाच मेकॅनिक लोक गाडी लीन झाली म्हणतात. हलक्या लीनला गाडी नुसती मरगळते, पण भर लोडवर तसंच दामटलं तर नॉकिंग (मिश्रण नीट जळण्याऐवजी आतल्या आत फुटणं) सुरू होतं, आणि ते पिस्टन खातं.

आता सायलेन्सरची खरी गंमत. 'इंजिनला बॅक प्रेशर (बाहेर जाणाऱ्या वायूला थोडा अडथळा) लागतंच' हे वाक्य प्रत्येक कट्ट्यावर ऐकू येतं आणि ते अर्धवट आहे. जळका वायू बाहेर सोडणारा एग्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची एक लाट पाइपातून धावत सुटते, तापलेल्या वायूत तिचा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या घरात असतो. पाइपाच्या उघड्या टोकाला ती आपटून परत फिरते, पण उलटी होऊन, म्हणजे दाबाऐवजी ओढ घेऊन. ही ओढ व्हॉल्व्हपाशी नेमकी अशा वेळी पोचली की हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह उघडायला लागलाय आणि एग्झॉस्ट अजून मिटलेला नाही, तर ती उरलासुरला जळका वायू बाहेर खेचते आणि ताजी हवा आपोआप आत येते, म्हणजे जवळपास फुकटचा पंप. एक मीटरच्या पाइपात जाऊन यायला लागतात ४ मिलिसेकंद, तेवढ्यात ९००० आरपीएमला क्रँक (इंजिनचा फिरता दांडा) २१६ अंश फिरतो आणि लाट जवळजवळ बरोबर वेळेवर पोचते, पण ६००० ला तो १४४ अंशच फिरलेला असतो, म्हणजे लाट आधीच येऊन गेलेली, आणि तिच्या मागून येणारा दाबाचा झटका घाण वायू परत आत ढकलू शकतो. म्हणून आखूड पाइप लावल्यावर खालचा पिकअप गेला अशी तक्रार येते. वर मिळालं ते खालून गेलं, बस. हे कुठल्याही ट्यूनिंगने पूर्ण भरून निघत नाही, पेट्रोल कमीजास्त करून पाइपाची लांबी बदलत नसते.

फ्युएल इंजेक्शनवाल्यांना वाटतं ईसीयू (किती पेट्रोल सोडायचं ते ठरवणारा गाडीतला कॉम्प्युटर) बघून घेईल. बघतो, पण अर्धंच. एग्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर (१९७६ मध्ये बॉशने गाड्यांसाठी आणला तो झिरकोनियाचा) साधा असेल तर एवढंच सांगतो की पेट्रोल जास्त आहे की कमी. रिचला, म्हणजे पेट्रोल जास्त असताना, ०.९ व्होल्टच्या आसपास, लीनला ०.१, किती जास्त किती कमी ते विचारू नका. निवांत चालवताना ईसीयू त्याचं ऐकून पेट्रोल कमीजास्त करतो, पण थ्रॉटल पूर्ण पिळला की साधारणपणे सेन्सरला बाजूला ठेवून सरळ कंपनीने भरलेल्या, किती पेट्रोल सोडायचं त्या तक्त्यावर जातो, आणि तो तक्ता जुन्या सायलेन्सरचा आहे. म्हणून गाडी गर्दीत मस्त चालते आणि मोकळ्या रस्त्यावर तापते. तापमानाच्या सेन्सरला रेझिस्टर जोडून 'हवा थंड आहे' असं खोटं सांगणारे डबे मिळतात, त्यांनी वाढवलेलं पेट्रोल निवांत चालवताना ऑक्सिजन सेन्सर परत काढून घेतो, मग उपयोग काय? वाइडबँड सेन्सर (किती जास्त, किती कमी तेही सांगणारा) लावून डायनोवर, म्हणजे गाडी जागेवर पळवून ताकद मोजणाऱ्या मशीनवर, तक्ता नव्याने भरणं हाच सरळ मार्ग.

कार्बोरेटरमध्ये तक्ता नसतो, तीन वेगवेगळे नळ असतात असं समजा. पाव थ्रॉटलपर्यंत पायलट जेट (जेट म्हणजे पेट्रोल जाण्याचं मोजून पाडलेलं भोक), तिथून पाऊणपर्यंत नीडल (भोकात वरखाली होणारी सुई), त्यापुढे मेन जेट, मधे थोडी सरमिसळ. मी नेमका इथेच गाढवपणा केला. गाडी दचकतेय म्हणून मेन जेट ११० वरून थेट १२० केला. बऱ्याच जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, म्हणजे वाढ दिसते ९ टक्के, पण भोकाचं क्षेत्रफळ वाढतं १९ टक्के. पेट्रोल जास्त होऊन स्पार्क प्लग काळा कुळकुळीत झाला आणि दचकणं तसंच.

मग ग्रिपला चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा केल्या आणि मोकळ्या जागेत एकेका खुणेवर धरून चालवली. दचकत होती ती बरोबर अर्ध्यावर. नीडलची क्लिप एक खाच खाली घेतली, म्हणजे नीडल वर उचलली गेली आणि तिथे पेट्रोल वाढलं, दचकणं बंद. मेन जेट शेवटी ११२ वर राहिला. फटाके मात्र चालूच होते, ते बेंड पाइपाच्या (इंजिनपासून सायलेन्सरपर्यंतच्या वाकड्या पाइपाच्या) तोंडाशी गॅस्केट नीट न बसल्याने बाहेरची हवा आत जात होती म्हणून.