मांजर क्रमांक ४००

छोट्या गावातल्या रहस्यकथेचा साचा ठरलेला असतो. प्रत्येकाला थोडंथोडं माहीत असतं आणि पूर्ण गोष्ट कोणालाच माहीत नसते. जपानच्या क्युशू बेटावरच्या मिनामाता गावात पसरलेल्या एका गूढ आजाराचं प्रकरण या साच्यात बसतं, फक्त एक फरक आहे. इथे १९५९ च्या ऑक्टोबरमध्ये एका डॉक्टरच्या हातात जवळजवळ पूर्ण पुरावा होता. तो गावातल्याच कारखान्याच्या दवाखान्याचा प्रमुख होता आणि पुरावा त्याच कारखान्याविरुद्धचा होता. सरकारने आजाराचं कारण अधिकृतपणे मान्य केलं ते २६ सप्टेंबर १९६८ ला. मधली नऊ वर्षं कारखान्याचं सांडपाणी समुद्रात जातच राहिलं.

मिनामाता हे शिरानुई नावाच्या, बेटांनी जवळजवळ बंद केलेल्या समुद्राच्या काठी आहे. भरती-ओहोटी असली तरी आतलं पाणी बाहेरच्या महासागरात सहजासहजी मिसळत नाही, आणि पुढे हीच गोष्ट घातक ठरली. काठावर मासेमारांच्या वस्त्या, आणि गावात चिस्सो कंपनीचा मोठा रासायनिक कारखाना. कंपनी आणि तिचे कामगार मिळून नगरपालिकेला निम्म्याहून जास्त कर देत, आणि गावातल्या दर चार नोकऱ्यांपैकी साधारण एक तिच्याशी जोडलेली होती. कारखान्याची ॲसिटाल्डिहाइड या औद्योगिक रसायनाची प्रक्रिया विकसित करणारे अभियंते पुढे बरीच वर्षं मिनामाताचे महापौर होते. पाणी खराब होतं म्हणून मासेमारांना कंपनीने १९२६ आणि १९४३ साली नुकसानभरपाईही दिली होती. म्हणजे नाल्यातून काहीतरी वाईट जातं, हे काही गुपित नव्हतं. ते नेमकं काय आहे, एवढंच गुपित होतं.

लक्षणं आधी प्राण्यांत दिसली. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला खाडीत मासे मरून तरंगू लागले, कावळे उडता उडता कोसळू लागले. मांजरं तोल जाऊन गोल गोल फिरायची, झटके यायचे, काही पाण्यात पडून मरायची. लोक त्याला मांजरांचा नाचरा आजार म्हणत. २१ एप्रिल १९५६ ला पाच वर्षांची एक मुलगी कारखान्याच्या दवाखान्यात आणली गेली. तिला चालता येत नव्हतं, नीट बोलता येत नव्हतं, झटके येत होते. दोनच दिवसांत तिच्या धाकट्या बहिणीला तोच त्रास सुरू झाला. दवाखान्याचे प्रमुख हाजिमे होसोकावा यांनी १ मे रोजी सरकारी आरोग्य केंद्राला कळवलं, की मज्जासंस्थेच्या अज्ञात आजाराची साथ आली आहे. मिनामाता आजाराची अधिकृत सुरुवात याच तारखेपासून धरतात.

आधी संसर्गाचा संशय आला. रुग्णांना वेगळं ठेवलं, घरं निर्जंतुक केली, आणि त्या कुटुंबांकडे शेजारी फिरकेनासे झाले. पण रुग्णांच्या नोंदी मांडल्यावर वेगळंच चित्र दिसलं. आजार मासेमार घरांत होता, एकाच घरात अनेकांना होता, आणि त्यांची मांजरंही मेली होती. सगळ्यांत समान होते ते खाडीतले मासे आणि शिंपले. कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी ४ नोव्हेंबर १९५६ लाच सांगितलं, की ही बहुधा एखाद्या जड धातूची विषबाधा आहे आणि ती मासे-शिंपल्यांतून होते. १९५७ च्या वसंतात स्थानिक आरोग्य केंद्राच्या प्रमुखांनी बाहेरून आणलेल्या निरोगी मांजरांना खाडीतले मासे खाऊ घातले. त्यांना तोच आजार झाला.

माझ्या मते खरी चूक याच टप्प्यावर झाली, आणि तिचा रसायनशास्त्राशी फारसा संबंध नाही. एखाद्या लग्नात जेवणातून विषबाधा झाली तर आपण आधी जेवण थांबवतो, कोणता जिवाणू होता ते नंतर पाहतो. खाडीतले मासे विकण्यावर बंदी घालायला विषाचं नाव कळायची गरज नव्हती. प्रांतिक सरकारने अन्नसुरक्षा कायद्याखाली बंदीबद्दल विचारणा केली, तेव्हा सप्टेंबर १९५७ मध्ये आरोग्य मंत्रालयाने उत्तर दिलं, की खाडीतले सगळेच मासे विषारी असल्याचा स्पष्ट पुरावा नाही, त्यामुळे कायदा लावता येणार नाही. मासे खाऊ नका, असा सल्ला तेवढा दिला गेला. ज्यांच्या घरात दुसरं अन्नच नव्हतं त्यांच्यापुढे सल्ला काय कामाचा?

मग शोध सुरू झाला धातूचा. कारखान्याच्या नाल्यात इतके धातू होते की संशयितांची यादी संपेना. मँगनीज, सेलेनियम, थॅलियम अशी एकेक नावं पुढे आली आणि मागे पडली. सुगावा मिळाला तो रुग्णांच्या लक्षणांतून. इंग्लंडमध्ये बियाण्यांसाठी पाऱ्याचं बुरशीनाशक बनवणाऱ्या कारखान्यात काही कामगार आजारी पडले होते, आणि त्यांचं वर्णन १९४० साली प्रसिद्ध झालं होतं. हातापायांना बधिरता, तोल जाणं, अडखळतं बोलणं, ऐकू कमी येणं, आणि बाजूचं दिसेनासं होऊन नजर नळीतून पाहिल्यासारखी आकसणं. मिनामातात हीच लक्षणं होती. १९५८ मध्ये आलेल्या डग्लस मॅकअल्पाइन या ब्रिटिश मज्जातज्ज्ञानेही सेंद्रिय, म्हणजे कार्बनशी जोडलेल्या, पाऱ्याकडे बोट दाखवलं. मृतांच्या मेंदूत नुकसान नेमकं कुठे झालं होतं, तेही जुळत होतं. दृष्टीची जाणीव होणारा मागचा भाग आणि तोल सांभाळणारा लहान मेंदू, दोन्हीकडच्या पेशी झडल्या होत्या. जुलै १९५९ मध्ये विद्यापीठाने जाहीर केलं, की विष सेंद्रिय पाऱ्याचं आहे.

आकडे तर बोलकेच होते. कारखान्याच्या नाल्याच्या तोंडाशी, ह्याक्केन बंदरात, एक टन गाळात सुमारे दोन किलो पारा निघाला. एवढा पारा खाणीतल्या धातुकासारखा काढून विकता येतो, आणि कंपनीने पुढे तो विकलाही. केस साधारण महिन्याला एक सेंटिमीटर वाढतात आणि वाढताना रक्तातला पारा अडकवून ठेवतात, त्यामुळे केसांचीही तपासणी झाली. रुग्णांच्या केसांत जास्तीत जास्त ७०५ पीपीएम (दहा लाख भागांत ७०५ भाग) पारा सापडला. लक्षणं नसलेल्या मिनामाताच्या रहिवाशांत हा आकडा १९१ पर्यंत होता. दूर राहणाऱ्यांत सरासरी ४ होती.

कंपनीचा प्रतिवाद ऐकायला बिनतोड होता. आम्ही वापरतो तो असेंद्रिय पारा, आजार होतो सेंद्रिय पाऱ्याने, मग आमचा संबंध काय? रासायनिक उद्योगाच्या संघटनेने युद्धानंतर समुद्रात टाकलेल्या स्फोटकांवर खापर फोडलं. एका प्राध्यापकांनी सडक्या माशांतल्या अमाइनचा सिद्धांत मांडला. हे सिद्धांत टिकले नाहीत, पण वृत्तपत्रांत मतभेद दिसत राहिले आणि निर्णय लांबत गेले.

उत्तर होतं खुद्द प्रक्रियेच्या टाकीत. कॅल्शियम कार्बाइडपासून मिळणारा ॲसिटिलीन वायू गंधकाम्लात विरघळवलेल्या मर्क्युरिक सल्फेटमधून सोडला, की तो पाण्याशी संयोग पावून ॲसिटाल्डिहाइड बनतो. त्यापासून पुढे ॲसेटिक आम्ल आणि प्लॅस्टिक मऊ करणारी रसायनं बनतात. पारा इथे उत्प्रेरक असतो. कागदावर तो खर्च होत नाही, पण प्रत्यक्षात त्यातला काही भाग साधा धातू होऊन तळाला बसतो आणि निकामी होतो. त्याला पुन्हा कामाला लावायला एक सह-उत्प्रेरक घालतात. चिस्सोत ऑगस्ट १९५१ पर्यंत तो मँगनीज डायऑक्साइड होता, नंतर लोहाचं सल्फाइड वापरायला सुरुवात झाली. या बदलाने एक उप-प्रक्रिया वाढली. पाऱ्याच्या अणूला कार्बनचा एक छोटा गट चिकटून थोडं मिथाइल मर्क्युरी त्याच टाकीत तयार होऊ लागलं. म्हणजे असेंद्रिय पाऱ्याचा सेंद्रिय पारा व्हायला समुद्रातल्या जिवाणूंची वाट पाहावी लागत नव्हती. तो कारखान्यातून तयार होऊनच बाहेर पडत होता. उत्पादन १९३२ पासून चालू असून साथ पन्नासच्या दशकात का आली, याचं उत्तरही बहुतांशी इथे आहे. रसायन बदललं आणि उत्पादनही वाढत गेलं. १९६० साली ते ४५,००० टनांवर पोचलं होतं.

मिथाइल मर्क्युरीचा धोका त्याच्या वेषांतरात आहे. शरीरात ते सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटतं, आणि ही जोडी मेथिओनिन या आवश्यक अमिनो आम्लासारखी दिसते. मेंदूभोवतीच्या रक्तवाहिन्यांची भिंत बहुतेक विषांना अडवते, पण अमिनो आम्लांसाठी तिला दारं ठेवावीच लागतात. त्याच दारांनी हा पारा आत जातो. आतड्यातून तो जवळजवळ सगळा शोषला जातो, आणि शरीरातला निम्मा बाहेर पडायला सुमारे ५० ते ७० दिवस लागतात. रोज मासे खाणाऱ्याच्या शरीरात म्हणूनच तो साठत जातो. अन्नसाखळीतही तसंच होतं: प्लवकापेक्षा लहान माशात जास्त, लहान माशापेक्षा त्याला खाणाऱ्या मोठ्या माशात जास्त. पारा स्नायूंतल्या प्रथिनांना चिकटलेला असतो, त्यामुळे मासा धुऊन, शिजवून किंवा चरबी काढून तो जात नाही. कोणत्याही किनाऱ्यावर गरोदर बाईने मोरीसारखे मोठे, दीर्घायुषी शिकारी मासे टाळावेत आणि तारलीसारखे छोटे खावेत, या सल्ल्यामागे हेच गणित आहे.

आता होसोकावांकडे येऊ. ते कंपनीचे नोकर होते आणि कारखान्याच्या आतलं सांडपाणी त्यांना मिळू शकत होतं. विद्यापीठाच्या संशोधकांना ते मिळत नव्हतं. त्यांना नाल्याच्या तोंडाशी जे वाहून येईल त्यावरच भागवावं लागे. २१ जुलै १९५९ पासून होसोकावांनी एका मांजराच्या रोजच्या खाण्यात ॲसिटाल्डिहाइड विभागाचं सांडपाणी मिसळायला सुरुवात केली, रोज सुमारे २० ग्रॅम. ही प्रयोगांतली ४०० क्रमांकाची मांजर. ७७ दिवसांनी, ६ ऑक्टोबरला, तिचा तोल जाऊ लागला, झटके आले. तिचे अवयव क्युशू विद्यापीठात तपासले गेले, तेव्हा मेंदूतलं नुकसान मिनामाता आजाराचंच निघालं. मासे नाहीत, समुद्र नाही, जिवाणू नाहीत, थेट सांडपाणी आणि आजार. कंपनीच्या प्रतिवादाला याहून सरळ उत्तर असू शकत नाही.

एका मांजरावरून काय ठरतं, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच पुढची पायरी होती प्रयोग पुन्हा करण्याची. कंपनीने तेव्हा ती करू दिली नाही आणि निकाल बाहेर जाऊ दिला नाही. होसोकावा गप्प राहिले. १९७० साली, कर्करोगाने अंथरुणाला खिळलेले असताना, त्यांनी न्यायालयासाठी साक्ष दिली आणि काही महिन्यांत ते वारले.

त्यांच्या आधी कारखान्याने नकळत आणखी एक प्रयोग करून ठेवला होता. सप्टेंबर १९५८ मध्ये सांडपाणी ह्याक्केन बंदराऐवजी मिनामाता नदीच्या मुखाशी सोडायला सुरुवात झाली. काही महिन्यांत नदीच्या मुखाजवळ आणि उत्तरेकडच्या किनाऱ्यावर, जिथे आजार नव्हता तिथे, रुग्ण दिसू लागले. पाइपचं तोंड हलवलं की आजारही हलतो, याहून मोठी खूण कोणती? व्यापार मंत्रालयाने १९५९ च्या अखेरीस नाला पुन्हा बंदराकडे वळवायला लावला, कारखाना मात्र थांबवला नाही.

डिसेंबर १९५९ मध्ये सायक्लेटर नावाचं शुद्धीकरण यंत्र मोठ्या समारंभात सुरू झालं. कंपनीच्या अध्यक्षांनी त्यातलं म्हणून एक पेलाभर पाणी सगळ्यांसमोर पिऊन दाखवलं. सायक्लेटर गढूळपणा खाली बसवण्यासाठी होतं, पाण्यात विरघळलेलं मिथाइल मर्क्युरी काढण्यासाठी नव्हे. शिवाय त्या वेळी ॲसिटाल्डिहाइड विभागाचं पाणी त्यातून जातच नव्हतं. त्याच आठवड्यात रुग्णांशी करार झाला: वर्षाला प्रौढ रुग्णाला १ लाख येन, मृत्यूसाठी ३ लाख, आणि उद्या कारखाना दोषी ठरला तरी पुढे मागणी करायची नाही, ही अट. १९७३ मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने हा करार रद्दबातल ठरवला.

करार आणि यंत्र या दोन गोष्टींनी जगाला वाटलं, प्रश्न मिटला. १९६३ च्या सुरुवातीला कुमामोतो विद्यापीठाच्या काट्सुरो इरुकायामा यांच्या गटाने ॲसिटाल्डिहाइड विभागाच्या गाळातच सेंद्रिय पारा असल्याचं जाहीर केलं, तरी काही हललं नाही. १९६५ मध्ये दूर निइगाता प्रांतात, आगानो नदीकाठी, तोच आजार उमटला. तिथेही वरच्या अंगाला दुसऱ्या एका कंपनीचा ॲसिटाल्डिहाइडचा कारखाना होता. चिस्सोने पाऱ्याची ही प्रक्रिया मे १९६८ मध्ये बंद केली. जुनी होऊन ती परवडत नव्हती म्हणून. सरकारचा निष्कर्ष त्यानंतर चार महिन्यांनी आला.

गर्भातल्या बाळांचा भाग मात्र वैद्यकशास्त्रालाच नवा होता. वार बाळाला विषापासून वाचवते, असं तेव्हा मानलं जाई. मिनामातात जन्मतः मेंदूचा पक्षाघात असलेली मुलं नेहमीपेक्षा खूप जास्त होती, आणि त्यांच्या आयांना लक्षणं नव्हती किंवा अगदी किरकोळ होती. वारेतूनही मिथाइल मर्क्युरी अमिनो आम्लाच्या वेषात पलीकडे जातं, आणि बाळाच्या रक्तात आईपेक्षा जास्त साठतं. १९६२ मध्ये १६ मुलांचा आजार जन्मजात मिनामाता आजार म्हणून मान्य झाला. पुढे पुरावा एका घरगुती चालीतून मिळाला. जपानी कुटुंबं बाळाची वाळलेली नाळ लाकडी डबीत जपून ठेवतात. डॉक्टर मासाझुमी हारादा आणि सहकाऱ्यांनी अशा नाळा गोळा करून त्यांतला पारा मोजला. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात दिसलं, की नाळेतला पारा कारखान्याच्या उत्पादनाबरोबर वाढतो आणि घटतो.

नाळांना इतकं महत्त्व येण्याचं कारण म्हणजे बाकीचा पुरावा नाहीसा झाला. रक्त आणि केसांतला पारा वर्षभरात उतरतो, मेंदूची इजा राहते. संपूर्ण शिरानुई किनाऱ्याची सर्वंकष तपासणी योग्य वेळी झालीच नाही. सरकारच्या १९७७ च्या निकषांनी एकापेक्षा जास्त लक्षणं एकत्र असण्याची अट घातली, त्यामुळे फक्त बधिरता असलेले हजारो लोक बाहेर राहिले. अधिकृत रुग्ण २,००० हून थोडे जास्तच ठरले. २००९ च्या मदत कायद्याखाली मात्र ६०,००० हून अधिक लोकांनी अर्ज केले. केवळ संवेदना हरवलेली व्यक्तीही रुग्ण ठरू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटलं. खाडीतला दूषित गाळ उपसून त्यावर ५८ हेक्टर जमीन तयार करायचं काम १९९० ला पूर्ण झालं होतं. लोकांचे खटले मात्र चालूच आहेत: सप्टेंबर २०२३ मध्ये ओसाकाच्या न्यायालयाने १२८ जणांच्या बाजूने निकाल दिला.