गीझरसाठी एमसीबी आणि वायर यांची निवड

गीझर निवडताना लिटर आणि वॉरंटी बारकाईने पाहिली जाते. वायरचा विषय मात्र बहुधा वायरमन शिडीवर चढल्यावर निघतो. तो आधीच निघावा, यासाठी आम्ही हे पत्रक देत आहोत.

सुरुवात गीझरवरच्या पट्टीपासून करावी. तिच्यावर लिहिलेल्या वॅटना पुरवठ्याच्या व्होल्टेजने भागले की अँपिअर मिळतात. २३० व्होल्टवर २००० वॅटचा गीझर सुमारे ८.७ अँपिअर घेतो, ३००० वॅटचा सुमारे १३, तर ४५०० वॅटचा इन्स्टंट गीझर जवळजवळ २०. पहिल्या दोहोंना १६ अँपिअरचा एमसीबी (जादा प्रवाह वाहिल्यास आपोआप बंद होणारा, म्हणजे ‘पडणारा’, स्विच) आणि तांब्याची किमान २.५ चौरस मिमी वायर सहसा पुरते. तिसऱ्याला २५ अँपिअरचा एमसीबी आणि किमान ४ चौरस मिमी वायर लागते, आणि तो १६ अँपिअरच्या सॉकेटवर कधीही चालवू नये. एकाच पाइपमधून बऱ्याच वायर जात असतील किंवा अंतर लांब असेल, तर वायर एक माप जाड घ्यावी. लाइन गीझरची स्वतंत्र असावी.

एमसीबी गीझरचे नव्हे, तर भिंतीतल्या वायरचे रक्षण करतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १६ अँपिअरचा एमसीबी १६ ओलांडताच पडत नाही: सुमारे १८ अँपिअरवर तो तासभर टिकून राहतो, आणि सुमारे २३ अँपिअरवर तासाभरात पडणे त्याला बंधनकारक असते. तेवढा वेळ ती उष्णता सोसायची असते वायरला. म्हणूनच ‘सारखा पडतो’ या तक्रारीवर वायर तीच ठेवून ३२ अँपिअरचा एमसीबी बसवणे हा आमच्या मते सर्वांत घातक उपाय आहे. एमसीबी का पडतो, ते आधी शोधावे: त्याच लाइनवर दुसरे उपकरण असेल, एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल) शॉर्ट झाले असेल, किंवा एमसीबीचाच स्क्रू ढिला राहून तो तापत असेल.

सॉकेटमधला ढिला स्क्रू अधिक त्रासदायक, कारण प्रवाह १३ अँपिअरच राहतो आणि तो ढिला सांधा एमसीबीला कळतच नाही. सॉकेटच्या छिद्रांभोवती तपकिरी डाग किंवा जळका वास आढळल्यास सॉकेट आणि प्लग दोन्ही बदलावेत, आणि काळवंडलेले वायरचे टोक कापून ताज्या तांब्यावर जोडणी करावी. नुसता स्क्रू आवळून भागत नाही.

गीझर सुरू होताना क्षणभर जादा प्रवाह घेत नसल्यामुळे ‘बी’ प्रकारचा (अचानक वाढलेल्या प्रवाहाला लवकर पडणारा) एमसीबी चालतो. माणसाला शॉक लागण्यापासून मात्र एमसीबी वाचवत नाही. त्यासाठी अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (प्रवाह गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच), दोन्ही हवेत. गीझर लावताच आरसीसीबी पडत असेल, तर बहुधा एलिमेंटमधून गळती आहे. आरसीसीबीला वगळून गीझर सुरू करण्याचा आग्रह आमच्या कारागिरांना कृपया करू नये.

भेट ठरवताना गीझरच्या पट्टीचा आणि उघड्या झाकणाच्या डीबीचा (एमसीबी बसवलेल्या पेटीचा) फोटो पाठवावा, तसेच डीबीपासून गीझरपर्यंतचे अंतर कळवावे. झाकण म्हणजे फक्त एमसीबींवरचे दार. स्क्रूने बसवलेले कव्हर काढू नये.